कुटुंबोपचार : नकाशा अपुरा का पडतो?

शाळेच्या शिक्षक-कक्षात एक वाक्य वर्षानुवर्षे ऐकू येते : "घरचे वातावरण बरे नाही." नववीतला मुलगा एकाएकी गप्प झाला, आठवीतली मुलगी पंधरा-पंधरा दिवस गैरहजर राहू लागली, वसतिगृहातून कोणी रात्री निघून गेले, की या वाक्यावर चौकशी संपते. कुटुंबोपचार या शास्त्रशाखेने हेच वाक्य चौकशीचा शेवट न मानता आरंभ मानला, हे तिचे मोठे श्रेय होय. 'वातावरण' म्हणजे नेमके काय, ते कसे मोजायचे आणि कसे बदलायचे, हे प्रश्न तिने विचारले. किशोरवयीनांच्या समुपदेशनावरील पुस्तकांतून आणि प्रशिक्षणांतून तिच्या कल्पना आता शिक्षकांपर्यंत पोचू लागल्या आहेत. म्हणूनच त्यांची पारख करणे आवश्यक आहे.

ही पारख पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांच्या संदर्भात करावयाची आहे. २०११ च्या जनगणनेनुसार तलासरी तालुक्यात दर दहा माणसांपैकी सुमारे नऊ जण अनुसूचित जमातींचे होते. डहाणूत हे प्रमाण दोन-तृतीयांशाहून अधिक होते. वारली, कोकणा, मल्हार कोळी, धोडिया, दुबळा, कातकरी अशा समाजांची ही वस्ती. घरचे भात चार-सहा महिने पुरते. उरलेले वर्ष वीटभट्टी, मासेमारी बोटी, चिकूच्या वाड्या आणि उंबरगाव-वापीकडचे कारखाने यांवर निघते. अनेक मुले आश्रमशाळांच्या वसतिगृहांत वाढतात. एखादे शास्त्र किती व्यापक आहे हे पाहायचे, तर ते जेथे जन्मले त्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी लावून पाहावे लागते. त्यासाठी याहून चांगली कसोटी शोधून सापडणार नाही.

शास्त्राचा उगम

१९५० च्या दशकात अमेरिकेत ग्रेगरी बेटसन आणि त्यांचे सहकारी माणसांमधील संदेशवहनाचा अभ्यास करीत होते. नॉर्बर्ट वीनर यांनी मांडलेली प्रत्याभरणाची कल्पना तेव्हा नवी होती. विजेच्या इस्त्रीतील थर्मोस्टॅट तापमान वाढले की प्रवाह तोडतो आणि उतरले की जोडतो. परिणामाची खबर कारणाकडे परत जाते, हेच प्रत्याभरण. डॉन जॅक्सन यांनी १९५७ मध्ये सुचविले की कुटुंबही असाच तोल राखते. आई-वडिलांतील भांडण विकोपाला जाऊ लागले की मुलाचे पोट दुखू लागते, दोघांचे लक्ष त्याच्याकडे वळते आणि भांडण थांबते. मुलाचे दुखणे हा त्या तोलाचाच एक भाग ठरतो.

दुसरा धागा आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. न्यूयॉर्क राज्यात विल्टविक नावाची मुलांची निवासी शाळा होती. शहरातील गरीब, बहुतांशी कृष्णवर्णीय आणि पोर्तोरिकन कुटुंबांतील, गुन्ह्यांकडे वळलेली मुले तेथे ठेवली जात. अर्जेंटिनात जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ साल्वादोर मिनुचिन यांना तेथे असे आढळले की शाळेत सुधारलेला मुलगा घरी परतला की पुन्हा पहिल्यासारखा होतो. तेव्हा त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कुटुंबांनाच बोलावून त्यांच्यासह काम सुरू केले. १९६७ मध्ये त्यांचे झोपडवस्तीतील कुटुंबांवरचे पुस्तक आले आणि १९७४ मध्ये संरचनात्मक कुटुंबोपचाराची मांडणी करणारे पुस्तक. ही पद्धत कुटुंबाचा नकाशा काढते. पालकांचा एक गट, भावंडांचा एक गट आणि त्यांमधील सीमारेषा. रेषा पुसट असेल तर माणसे एकमेकांत गुंतून पडतात, फार जाड असेल तर एकमेकांना दुरावतात.

वसतिगृहात सुधारतो आणि घरी बिघडतो, किंवा नेमके उलटे, हे निरीक्षण आश्रमशाळेतील कोणत्याही अधीक्षकाला ओळखीचे वाटेल. निवासी शाळेत जन्मलेले हे शास्त्र आपल्या निवासी शाळांना उपयोगी पडावे, ही अपेक्षा म्हणूनच गैर नाही. मात्र त्यापूर्वी दोन आक्षेप तपासले पाहिजेत.

पहिला आक्षेप : कारण आणि उपाय

कुटुंबाला बरोबर घेतल्याने मूल बरे झाले, म्हणून कुटुंबामुळेच ते आजारी पडले होते असे सिद्ध होत नाही. क्रोसिनने ताप उतरतो. पण शरीरात क्रोसिन कमी पडल्याने ताप आला असे आपण म्हणत नाही. कुटुंबोपचाराच्या इतिहासात ही गफलत वारंवार झाली आहे. आईच्या विशिष्ट वागण्यातून स्किझोफ्रेनिया उद्भवतो, हा विचार १९४० च्या दशकाच्या अखेरीस पुढे आला. पुढे तो पुराव्यावर टिकला नाही. पण तोपर्यंत एका पिढीच्या मातांनी विनाकारण दोष सोसला.

किशोरवयीन मुलींना अधिक प्रमाणात होणाऱ्या अन्नत्यागाच्या विकाराचे उदाहरण अधिक बोलके आहे. मिनुचिन यांच्या गटाने १९७८ मध्ये असे मांडले की विशिष्ट घडणीच्या कुटुंबातच हा विकार मूळ धरतो. ही विशिष्ट घडण पुढील संशोधनात नीट सापडली नाही. मात्र उपचाराचे काय? लंडनमध्ये झालेल्या आणि १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्या रुग्णांचा विकार कोवळ्या वयात सुरू झाला होता आणि तीन वर्षांहून जुना नव्हता, त्यांना कुटुंबासह केलेला उपचार एकट्याने केलेल्या उपचारापेक्षा अधिक लाभला. म्हणजे सिद्धांत डळमळला, पण उपाय टिकला. आपल्याकडे अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहू दिले होते. तेथे कुटुंबाला मदतनीस म्हणून बोलावले गेले, आरोपी म्हणून नव्हे.

शिक्षकांसाठी यातून निघणारा धडा सरळ आहे. पालकांना शाळेत बोलावताना "तुमच्यामुळे असे झाले" आणि "तुमच्यावाचून हे सुटणार नाही" ही दोन वाक्ये एकच नाहीत. दुसऱ्या वाक्याला पुरावा आहे. पहिल्याला बहुधा नसतो.

दुसरा आक्षेप : सीमारेषा

भौतिकशास्त्राचा विद्यार्थी कोणतेही गणित सोडविण्यापूर्वी ठरवितो की अभ्यासाची प्रणाली कोणती आणि बाहेरचा परिसर कोणता. ही रेषा निसर्ग आखून देत नाही, आपण आखतो. आणि ती चुकली तर पुढचे सारे गणित बिनचूक असूनही उत्तर चुकते. चुलीवर पाण्याचे पातेले ठेवले आहे. आपण फक्त पाणी पाहिले, तर रेणू अधिक वेगाने धावत आहेत, एकमेकांवर जोराने आदळत आहेत, असे दिसेल. हे निरीक्षण खरे आहे. पण या अस्वस्थतेचे कारण रेणूंच्या परस्परसंबंधांत शोधत बसलो, तर चूल कधीच सापडणार नाही.

कुटुंबोपचाराचा नकाशा सहसा एका छपराखालच्या माणसांपाशी थांबतो. आता एक उदाहरण घेऊ. ही मुलगी काल्पनिक आहे, पण तिच्या आयुष्यातील तपशील या भागातील शिक्षकांना नवे वाटणार नाहीत. तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरची चौदा वर्षांची मुलगी पहिलीपासून आश्रमशाळेत आहे. वडील गुजरातच्या बंदरातून निघणाऱ्या ट्रॉलरवर खलाशी आहेत. मासेमारीचा हंगाम पावसाळ्याच्या उत्तरार्धात सुरू होतो आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर संपतो. तेवढे महिने ते घरी नसतात. आई दिवाळी झाली की धाकट्या दोघांना घेऊन भिवंडी-वसईकडच्या वीटभट्टीवर जाते. घरी म्हातारी आजी. फेब्रुवारीत आजी आजारी पडल्याचा निरोप येतो आणि मुलगी कोणाला न सांगता वसतिगृह सोडून घरी जाते. हजेरीपटावर नोंद होते : पळून गेली.

पुस्तकी नकाशा सांगेल की वडील दुरावलेले आहेत, आई भाराखाली आहे आणि मुलीवर अकाली पालकत्व आले आहे. यातला एकही शब्द खोटा नाही. पण या नकाशात मुलीला रोज पाहणारी अधीक्षिका नाही. आईला भट्टीवर नेणारा मुकादम नाही. वडिलांनी केव्हा परतायचे हे ज्याच्या हाती आहे तो बोटीचा मालक नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हंगामाआधी घेतलेली उचल नाही. आई केव्हा येणार, या प्रश्नाचे उत्तर आई-मुलीच्या नात्यात नसून उचलीच्या हिशेबात आहे. आणि उपचारासाठी सर्वांनी दर आठवड्याला एकत्र बसायचे म्हटले, तर हे कुटुंब पूर्णपणे एकत्र असते ते आवणीच्या दिवसांत. तेव्हा चिखलातून वर यायला कोणालाच सवड नसते.

मिनुचिन यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट नमूद केली पाहिजे. धाकट्यांना सांभाळणारे मोठे मूल म्हणजे विकृती, असे ते म्हणत नाहीत. जबाबदारी स्पष्टपणे सोपवलेली असेल आणि मुलाच्या कुवतीबाहेरची नसेल, तर ही व्यवस्था चांगली चालते, हे त्यांनी लिहिले आहे. गरिबीचे भानही त्यांना होते. पण त्यांच्या अनुयायांच्या संक्षिप्त टिपणांत हे बारकावे गळून पडतात आणि शिक्षकाच्या हाती उरतात ती फक्त लेबले.

किशोरवयाच्या टप्प्यांचेही असेच आहे. कुटुंबाच्या जीवनचक्रावरील पाश्चात्त्य पुस्तकांत 'मूल घर सोडते' हा टप्पा अठराव्या वर्षाच्या आसपास येतो आणि त्या काळचे ताण तेथे तपशिलाने वर्णिलेले असतात. आश्रमशाळेतले मूल सहाव्या वर्षी घर सोडते. उलट, वारली समाजात जोडप्याने आधी संसार थाटावा आणि ऐपत झाली की लग्नविधी करावा, याला पूर्वापार मान्यता आहे. त्यामुळे पुस्तकात 'घर सोडण्याच्या' वयात येथील तरुण घर उभे करीत असतो. त्यातली मुलगी अठरा वर्षांखालील असेल, तर २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याशी थेट गाठ पडते. हा पेच पुस्तकातील टप्प्यांनी सुटणारा नाही.

इतिहासाची साक्ष

रेषा चुकल्याने काय होते हे याच मुलुखाच्या इतिहासात पाहता येते. १९४५ पूर्वी येथील वारली तरुण लग्नासाठी जमीनदार-सावकाराकडून कर्ज घेत आणि त्यापोटी नवरा-बायको दोघेही वर्षानुवर्षे, पुष्कळदा जन्मभर, त्याच्याकडे राबत. त्यांना लग्नगडी म्हणत. मे १९४५ मध्ये झरी येथे वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगार व लग्नगडी पद्धतीविरुद्धचा लढा उभा राहिला. गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० च्या पुस्तकात त्याची हकिगत लिहिली आहे. त्या काळी एखाद्या उपचारकाने लग्नगड्याच्या झोपडीत बसून नवरा-बायकोच्या संवादाचे दोष टिपले असते आणि मालकाचा वाडा नकाशाबाहेर ठेवला असता, तर ते टिपण कितीही काटेकोर असले तरी आपण त्याला शास्त्र म्हटले असते काय?

तरीही कुटुंब आहेच

या युक्तिवादाचे दुसरे टोकही चुकीचे आहे. सारे काही आर्थिक आहे, पोटाला मिळाले की मुले आपोआप सुखी होतील, असे काही जण मानतात. आदिवासी समाजात किशोरवयाचे ताणच नसतात, असेही काहींना वाटते. मार्गारेट मीड यांनी १९२८ मध्ये सामोआ बेटावरील मुलींबद्दल जवळपास असेच चित्र रंगविले होते. १९८३ मध्ये डेरेक फ्रीमन यांनी त्याला जोरदार हरकत घेतली आणि तो वाद दीर्घकाळ चालला. दुरून पाहणाऱ्याला दुसऱ्याचे दुःख सहसा कमी दिसते, एवढे त्यातून घेतले तरी पुरे.

पुन्हा चुलीकडे वळू. त्याच आचेवर पाणी नुसते उकळते, पण दूध उतू जाते. कारण दुधावर साय धरते आणि वाफ तिच्याखाली कोंडते. आच तीच, घडण वेगळी. एकाच भट्टीवर तितकीच उचल घेऊन गेलेल्या दोन घरांपैकी एका घरातील मुलगा सावरतो, दुसऱ्यातील कोलमडतो. दारू, मारहाण, मुलीच्या शिक्षणाबद्दलची उपेक्षा ही घराच्या आतही असते आणि गरिबीच्या नावावर तिला माफी देता येत नाही.

शिवाय या शाखेतील काही कल्पना येथे फार चांगल्या लागू पडतात. पॉलिन बॉस यांनी १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला आणि 'संदिग्ध वियोग' ही कल्पना मांडली. माणूस गेला असे म्हणता येत नाही आणि आहे असेही म्हणता येत नाही. त्यामुळे शोकही पुरा होत नाही आणि घरातील कामांची नवी वाटणीही होत नाही. डहाणू-तलासरीचे खलाशी गुजरातच्या बोटींवर असताना सागरी हद्दीवरून पाकिस्तानात पकडले गेले, कराचीच्या मलीर तुरुंगात वर्षे काढली, शिक्षेची मुदत संपल्यावरही सुटका लांबली, अशी उदाहरणे आहेत. अशा घरातील चौदा वर्षांचा मुलगा वर्गात चिडचिड करीत असेल, तर बॉस यांची कल्पना शिक्षकाला त्या चिडीचा अर्थ लावायला मदत करील. ती येथे लागू पडते, कारण तिच्या नकाशात घराबाहेरची घटना आधीपासूनच आहे.

कोसबाडची रेषा

रेषा योग्य जागी आखली तर काय साधते, याचे उदाहरण डहाणू तालुक्यातच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले; १९५० च्या दशकात ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुली शाळेत येत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असते, हे त्यांनी पाहिले. पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही, असा निष्कर्ष काढून त्या प्रबोधन करीत बसल्या असत्या तर कोणी दोष दिला नसता. त्याऐवजी त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी केली. तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत आणि ताई वर्गात. जी मुले गुरे चारायला जात, त्यांच्यासाठी शाळाच कुरणात नेली. तिचे नाव कुरणशाळा. कुटुंबोपचाराच्या भाषेत सांगायचे, तर त्यांनी मुलीवरील पालकत्वाचा भार दोष म्हणून नोंदविला नाही, तो शाळेने वाटून घेतला. त्यांच्या नकाशात शाळा कुटुंबाच्या आत होती.

हे काम कोणी करायचे?

मग शिक्षकांनीच उपचारक व्हावे काय? येथे आपल्याकडील एका चांगल्या प्रयोगाचा निष्कर्ष डोळ्यांआड करता येत नाही. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७४ सरकारी शाळांत 'सेहेर' नावाचा कार्यक्रम राबविला गेला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. काही शाळांत तो खास नेमलेल्या, पण मानसोपचाराची पदवी नसलेल्या समुपदेशकांनी चालविला, तर काहींत शाळेतीलच शिक्षकांनी. नववीच्या मुलांमध्ये पहिल्या गटातील शाळांचे वातावरण स्पष्टपणे सुधारले, खिन्नता आणि दांडगाई कमी झाली. शिक्षकांनी चालविलेल्या गटात असा फरक दिसला नाही. याचा अर्थ शिक्षक नालायक असा नव्हे. अध्यापन, परीक्षा, खिचडी आणि नोंदवह्या सांभाळून उरलेल्या वेळात हे काम होत नाही, आणि गुण देणाऱ्या माणसापुढे मूल मन मोकळे करीलच असेही नाही. समुपदेशक हे वेगळे पद असावे, ही मागणी करताना शिक्षकांनी हा पुरावा हाताशी ठेवावा.

दुसरा पुरावा माझ्याच युक्तिवादाला लगाम घालणारा आहे. घर, शाळा, शेजार या सर्वांना एकत्र धरून करावयाची 'बहुव्यवस्था' पद्धती अमेरिकेत निघाली आणि तेथील आरंभीच्या चाचण्यांत यशस्वी ठरली. इंग्लंडमध्ये ६८४ कुटुंबांवर केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र ती नेहमीच्या सेवांपेक्षा सरस ठरली नाही. नेहमीच्या सेवाच तेथे बऱ्यापैकी होत्या, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. ते खरे असेल, तर रेषा रुंदावणे ही जादू नव्हे. रुंद रेषेच्या आतील साध्या सोयी चांगल्या असणे अधिक मोलाचे. आपल्याकडे त्या सोयी म्हणजे आई भट्टीवर असताना मुलांसाठी वेळेवर सुरू होणारे हंगामी वसतिगृह, रात्री खरोखर हजर असणारी अधीक्षिका आणि आजीच्या आजाराचा निरोप आल्यावर मुलीला रीतसर घरी पाठविण्याची व आठवड्याने परत आणण्याची सोय.

तोवर वर्गशिक्षकाला करता येण्याजोग्या गोष्टी थोड्या, पण निश्चित आहेत. अडचणीत आलेल्या मुलाचा नकाशा एका कागदावर काढावा. त्यात घरच्या माणसांबरोबर ज्या ज्या व्यक्तीच्या निर्णयाने मुलाचे दिवस बदलतात, त्या सर्वांना जागा द्यावी, स्वतःलाही द्यावी. खाली बारा महिन्यांची पट्टी आखून कोण केव्हा घरी असते हे भरावे. 'का आला नाहीस?' याऐवजी 'या महिन्यात घरी कोण आहे?' असे विचारावे. अत्याचाराची माहिती मिळाली तर ती पोलिसांना कळविणे कायद्याने बंधनकारक आहे. तेथे नकाशा काढत बसू नये. मदतीसाठी मुलांचा १०९८ हा क्रमांक आहे आणि २०२२ पासून मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हा क्रमांक सुरू आहे.

असे दहा-पंधरा कागद एका शाळेत जमले की ते शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. प्रत्येक घराची भांडणे वेगळी दिसतील. पण पंधरापैकी दहा कागदांवर एकाच महिन्यात आई-वडील दोघांच्या नावापुढे रिकामी जागा असेल, तर तो पंधरा घरांचा दोष राहत नाही. तेव्हा तो कागदांचा गठ्ठा मुख्याध्यापकांकडे आणि तेथून प्रकल्प कार्यालयाकडे गेला पाहिजे, मानसोपचारतज्ज्ञाकडे नव्हे.